डावीकडचा उंच चेंडू

सोमवार, ११ ऑगस्ट

"हिचं काही खरं नाही, काठावर निघेल." दहावीच्या निकालाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा जिन्यात पानसेकाकांना म्हणाले होते. मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत तिसरी आले. पेढ्यांची ऑर्डर अण्णांनी आधीच देऊन ठेवली होती, हे आईने सांगितलं ते थेट अण्णा गेल्यावर. आपल्या तोंडाने आपल्या मुलाचं चांगलं बोलू नये, दृष्ट लागते — एवढंच होतं त्यांचं. पण मी दाराआडचं ते वाक्य धरून बसले ती बसलेच.

आज ते आठवलं ग्लेनिसमुळे. ग्लेनिस आमच्या डिपार्टमेंटचं ऑफिस सांभाळते आणि टिपिंगही तीच चालवते. म्हणजे दर आठवड्याला कोणती टीम जिंकणार ते आधी सांगायचं. चहाच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यांचे अंदाज. इथल्या लंबगोल चेंडूला मी जन्मात हात लावलेला नाही, तरी यंदा फळ्यावर पहिली आहे! मागचे निकाल बघायचे, मन मध्ये आणायचं नाही — माझी एवढीच विद्या. इतकी वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून तेवढं तरी यावं.

तर ग्लेनिस, जिला सुहास म्हणता येत नाही, म्हणाली, "सू, लव्ह, मुलींच्या सॉकरची फायनल आहे महिनाअखेर. न्यूजलेटरमध्ये भाकीत तू लिही. तुझं कधी चुकत नाही."

आमचा मॉसन लेक्स कॅम्पस विरुद्ध सिटी कॉलेजेस. म्हटलं, अगं, माझीच मुलगी आहे टीममध्ये.

"ती तर बेंचवर असते ना?"

हो. चिन्मयी दुसरी गोलकीपर. पहिली, ब्रॉन, नसली तरच हिला उभं करतात. म्हणजे माझं मन मध्ये यायचा प्रश्नच नाही. हो म्हणून बसले.

बुधवार, १३ ऑगस्ट

कोच कॅरनने सगळ्या मॅचेसच्या डीव्हीडी दिल्या. दोन दिवस कामावरून आले की तेच.

इतक्या वेगळ्या दोन टीम मी पाहिल्या नव्हत्या. आमच्या मुली उंच, रुंद खांद्यांच्या. आठ वर्षांच्या असल्यापासून एकत्र खेळतायत. मंगळवारी-गुरुवारी दिव्यांखाली सराव. मध्यंतरात कापलेली संत्री — कोणाच्या आईने कधी आणायची ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं. कॉर्नर मिळाला की कोण कुठे पळणार हे झोपेतसुद्धा सांगतील. चेंडू लांब, उंच, डोक्यावरून.

आणि सिटी कॉलेजेस! दोन वर्षांत शहरात गल्लोगल्ली कॉलेजं उघडली — स्वयंपाकाची, केस कापायची, अकाउंटिंगची. त्या सगळ्यांची मिळून यंदा पहिल्यांदाच टीम. कोलंबियाची एक, केनियाची एक, दोघी नेपाळी बहिणी, एक कोरियन मुलगी जिला मैदानावर फक्त "हिअर!" एवढंच बोलताना ऐकलं. सराव नाही. कोणाची शिफ्ट आहे यावर त्या दिवशीची टीम ठरते. एकदा तर नऊच जणी खेळल्या — आणि जिंकल्या. चेंडू जमिनीलगत, पायातून पायात, आणि सगळ्या सारख्या ओरडत असतात. कॅप्टन आपली स्वरदा! नाशिकची. हॉस्पिटॅलिटी शिकते, सकाळी आमच्या कॅम्पसवरच्या कॅफेत कॉफी करते, आणि रविवारी आमच्याकडे जेवते.

मजा येतेय. पेन्सिल हातात घेऊन बसले की तहानभूक हरपते. फक्त चिन्मयी ज्यात खेळली आहे त्या मॅचेस — त्यातही ती उभी असताना चेंडू गोलकडे यायला लागला की माझा अंगठा आपोआप रिमोटवर जातो. पुढे पळवते. बघवत नाही!

रविवार, १७ ऑगस्ट

स्वरदा आली. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. तीन वेळा भात घेतला.

"काकू, तुम्ही म्हणे आमचं भविष्य लिहिताय? मग आमची मंगळाची दशा वगैरे बघा हं. केनियाच्या वांजिकूला शनिवारी शिफ्ट लागली तर शनी, नाही लागली तर गुरू."

चिन्मयी म्हणाली, "यू गाइज आर गोइंग डाउन, मेट."

"तू कशाला बोलतेस बेंचवरून? पाणी देणारी ना तू?"

दोघी हसल्या. मीही हसले. चिन्मयी जरा उशिरा हसली का? मला वाटलं तसं.

सोमवार, १८ ऑगस्ट

ब्रॉनचं बोट मोडलं. नेटबॉल खेळताना. सहा आठवडे प्लास्टर.

चिन्मयी धावतच घरात आली. बूट बाहेर काढायचेसुद्धा विसरली. "आई! मी! फायनलला मी!"

मी कणीक मळत होते. तोंडातून निघालं, "अगं बाई! झेपेल ना पण तुला?"

एवढंच म्हटलं. काळजीने म्हटलं. तिने बूट काढले, बाहेर नेऊन ठेवले, आणि म्हणाली, "आय गेस वी'ल सी."

मंगळवार, १९ ऑगस्ट

मजकूर आज द्यायचाच होता. ग्लेनिसला म्हटलं, आता माझी मुलगी गोलमध्ये आहे, दुसऱ्या कोणाला तरी सांग. ती म्हणाली, "डोंट बी सिली. तू फेअर आहेस, सगळ्यांना माहीत आहे."

फेअर! त्या शब्दाने गोंधळ केला. आईने लिहिलंय म्हणून मुलीचं कौतुक केलंय, असं कोणी म्हणायला नको. तपासून तपासून लिहिलं. आमची ताकद कुठे, त्यांची कुठे, मैदान ओलं असलं तर कोणाला फायदा. आणि शेवटी गोलकीपर आली. लिहिलं — नवी गोलकीपर जमिनीलगतचे चेंडू चांगले अडवते, पण तिच्या डाव्या बाजूला उंच आलेला चेंडू हा तिचा कच्चा दुवा आहे. लांबून मारणाऱ्या टीमने तिथेच मारावं. भाकीत: सिटी कॉलेजेस, २–१.

नाव लिहिलं नाही. नाव लिहायची गरज काय? एकच गोलकीपर आहे.

पाठवलं आणि पाठवल्याबरोबर पुन्हा उघडून वाचलं. पण खोटं काय लिहिलं? चौदाव्या वर्षी हिच्या डाव्या हातावरून तो गोल गेला होता, सेमी-फायनलला. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नव्हती, नुसती खिडकीबाहेर बघत होती. तेव्हापासून मला माहीत आहे. आईला नाही तर कोणाला माहीत असणार?

गुरुवार, २१ ऑगस्ट

न्यूजलेटर आलं. जेवताना चिन्मयीने ते ताटाशेजारी उघडून ठेवलं. मोठ्याने वाचलं, इंग्लिशमध्ये, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. "हाय बॉल टू हर लेफ्ट." मग माझ्याकडे बघितलं.

"आई, तू कुठली मॅच बघितलीस?"

"सगळ्या बघितल्या."

"सगळ्या."

"अगं, ते तुझ्याविरुद्ध नाही. मी तटस्थपणे—"

"यू टिप्ड अगेन्स्ट अस."

"आकडे जे सांगतात ते—"

"ओके." ताट उचललं. अर्धी पोळी तशीच. न्यूजलेटरचं ते पान तिने आपल्या खोलीच्या दारावर चिकटवलं, बाहेरून. म्हणजे बाथरूमला जाताना मला दर वेळी दिसणार.

दत्ता, चिन्मयीचा बाबा, कालगुर्लीत, खाणीवर. घरात आम्ही दोघीच, आणि ते पान.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

हे मला कसं सुचलं नाही?! न्यूजलेटरचे गठ्ठे कॅफेच्या काउंटरवर ठेवतात. कॅफेत कोण असतं?

स्वरदाने कपावर झाकण लावता लावता डोळा मारला. "काकू, थँक्यू हं. डावीकडे, वरून. आमच्या पोरींना पाठ करून घेतलंय. कोरियन मुलीला हाताने काढून दाखवलं."

मला हसता आलं नाही. कॉफी तशीच टेबलावर ठेवून ऑफिसात गेले, ग्लेनिसला म्हटलं, ते अंक परत घेता येतील का?

"का? टायपो आहे?"

म्हटलं, हो, एक मोठा.

तिला वाटलं मी गंमत करतेय.

मी माझ्या मुलीची दुखरी जागा लिहून, छापून, समोरच्या टीमच्या हातात दिली. इतर कोणाची आई असं करेल? इथली एखादी आई? शेजारची जोआन तर तिच्या मुलाने नुसता झेल सोडला तरी "गुड ट्राय, डार्लिंग!" ओरडते. मला ते खोटं वाटायचं.

शनिवार, २३ ऑगस्ट

चिन्मयी सकाळपासून मैदानावर. मी मराठी शाळेत. नऊ लहान मुलांना "ळ" म्हणायला लावला. दर शनिवारी हेच — तिची मॅच तेव्हा माझी शाळा. यंदा तिला उभं केलं तेव्हाही मी इथेच होते, "बाळ, कमळ, सकाळ" करत.

सोमवार, २५ ऑगस्ट

कॅरनला गाठलं. पाऊस, ती छत्रीशिवाय, मी छत्रीत. म्हटलं, मला माफ कर, मी ते लिहायला नको होतं. पण आता निदान या आठवड्यात तिची डावी बाजू करून घे.

कॅरन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हर लेफ्ट इज फाइन, सू."

फाइन! इथे सगळंच फाइन असतं. पाय मोडला तरी फाइन, नापास झाला तरी "ही'ज डूइंग फाइन". यांच्या "फाइन"चा अर्थ लावायला मला इतकी वर्षं लागली. ती मला बरं वाटावं म्हणून बोलली. चांगली बाई आहे.

मंगळवार, २६ ऑगस्ट

दत्ताचा फोन.

"सुहास, काय लिहिलंस तू? चिनू फोनवर रडली."

तो तीन तासांच्या विमानापलीकडे आणि त्याच्याशी रडते. मी भिंतीपलीकडे.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आईला मी नापासच दिसते. निकाल लागायच्या आधीच."

मग तो इकडचं तिकडचं बोलला — गणपतीला रजा मिळालीय, मूर्ती आणलीस का, धूप आहे का. मी हो हो म्हणत होते.

तिला एकदा सांगायला हवं. पण काय सांगू? तू जिंकशील असं? ते मला वाटतच नाही! आणि वाटत नसताना म्हटलं तर तिला लगेच कळेल. माझा आवाज तिला पाठ आहे.

गुरुवार, २८ ऑगस्ट

दारावरचं पान तसंच. तिच्या कोपराला खरचटलंय. औषध लावू का विचारलं. "आय'म फाइन."

शुक्रवार, २९ ऑगस्ट

चहाच्या खोलीत फळ्यावर सगळे अंदाज लागले. डिपार्टमेंटमधल्या झाडून सगळ्यांनी मॉसन लेक्स लिहिलंय. जोखीम नको म्हणून, आपलेपणा म्हणून. समोर एकटं माझं नाव — सिटी. लाल खडूने.

विवेक, आमचा नवा लेक्चरर, म्हणाला, "मॅडम, घर की मुर्गी?"

मी खडू उचलला आणि खाली ठेवला. पुसून काय होणार? ती ते वाचून बसलीय.

उद्या मराठी शाळा बंद ठेवली आहे. पालकांना मेसेज केला — घरचं काम.

शनिवार, ३० ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

रात्रभराच्या पावसाने मैदान ओलं. मी कुंपणाच्या कोपऱ्यात, निलगिरीखाली उभी राहिले, जिथे मी तिला दिसणार नाही. चिन्मयी पिवळ्या जर्सीत. किती लहान दिसते तिथून! दोन खांबांमध्ये एवढी मोकळी जागा कोणी मुलीवर सोडतं का?

सिटीच्या अकराही जणी आल्या होत्या. वांजिकूसुद्धा. म्हणजे गुरू.

पहिल्या पाच मिनिटांतच कोलंबियाच्या मुलीने लांबून मारला. डावीकडे. वर. मी डोळे मिटले. ओरडा ऐकू आला, पण तो आमच्या बाजूचा होता. उघडले तर चेंडू चिन्मयीच्या हातात.

पुन्हा तसाच. नेपाळी बहिणींतल्या धाकटीने. डावीकडे, वर. चिन्मयी उडाली — उडाली म्हणजे खरंच जमीन सुटली तिची! — आणि बोटांनी बाहेर ढकलला. तिसरा तसाच. कोरियन मुलीला जमिनीलगत मोकळी वाट दिसत होती, मला कुंपणातून दिसत होती. पण तिने थांबून, पाय सावरून, डावीकडे वर मारला. त्यांचा खेळ तो नव्हताच! पायातून पायात खेळणाऱ्या मुली आज लांबून उंच मारत होत्या, कारण कोणीतरी लिहिलं होतं तसं मारा म्हणून.

मध्यंतरात मी संत्र्याच्या टेबलाकडे गेले नाही. मॅगपाय पक्षी डोक्यावरून दोनदा घिरटी घालून गेला, तरी हलले नाही.

दुसऱ्या भागात आमच्या मुलींना कॉर्नर. झोपेत पळतात तशा पळाल्या, डोक्याने गोल. १–०. मग शेवटी, अगदी शेवटी, सिटीला फ्री किक. स्वरदा. तिने चेंडू ठेवला, मागे गेली, आणि मला कळलं ती कुठे मारणार. मी कुंपणाची जाळी धरली. त्या एका क्षणी मला कोण जिंकावं असं वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. नाही — येईल. मला चिन्मयी हवी होती. आकडे गेले खड्ड्यात.

डावीकडे. वर. कोपऱ्यात.

तिने तो धरला. नुसता अडवला नाही, दोन्ही हातांनी धरून छातीशी घेऊन पडली.

शिट्टी झाली. सगळ्या तिच्यावर. मी निलगिरीला टेकून रडले. आणि मग चिन्मयी मैदान ओलांडून, चिखलाने भरलेली, माझ्याकडेच पळत आली! मी कुठे उभी आहे ते तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"आई! यू सेट देम अप! तू मुद्दाम लिहिलंस ना? यू लेजंड!"

मागून कॅरन: "सू, यू सायलेंट असॅसिन!" ग्लेनिस: "आणि फळ्यावर टिपसुद्धा उलटी टाकली! गोल्ड!"

चिन्मयीने मला मिठी मारली. गच्च. कधीपासून मारली नव्हती. चिखल माझ्या स्वेटरवर, तिचा श्वास माझ्या मानेवर.

मी तिच्या केसांतलं गवत काढत राहिले.

रविवार, ३१ ऑगस्ट

पान दारावरून फ्रीजवर आलं. वर स्केचपेनने लिहिलंय — माझी आई, दुष्ट जीनियस. तिने मला सकाळी चहा करून दिला. "आठवडाभर मी तुझ्याशी किती घाण वागले, सॉरी. पण तू सांगायचं ना मला! आय गेस, मला माहीत असतं तर माझा चेहरा खोटा वाटला असता. स्वरदाला लगेच कळलं असतं."

सगळं तिने स्वतःच जुळवून घेतलं. मी फक्त चहा प्यायले.

दुपारी ती मैत्रिणींबरोबर बाहेर गेली. मी कॅरनच्या डीव्हीडी लावल्या. ज्यात चिन्मयी उभी आहे तेवढ्याच. रिमोट उचलून शेजारच्या खोलीत ठेवून आले.

डावीकडे उंच आलेला एकही चेंडू गोलमध्ये गेलेला नाही. या सीझनमध्ये एकही नाही! उलट तीच तिची चांगली बाजू आहे. कच्ची असलीच तर उजवी, जमिनीलगत, जरा.

म्हणजे कॅरन खरं सांगत होती. "तू कुठली मॅच बघितलीस?" हा तिचा प्रश्न खरा प्रश्न होता. मी चौदा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. ती आता एकोणीसची आहे.

बावीस मुलींपैकी एकवीस जणींना मोजून मापून लिहिलं. एकीला मोजायची गरज वाटली नाही. ती माझी होती.

सोमवार, १ सप्टेंबर

दत्ताला फोनवर सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "सांगू नकोस तिला. खूश आहे. जिंकलीय. कशाला उकरतेस?"

"खोटं आहे रे ते."

"तू काही खोटं बोललीस का? ती समजली तसं समजू दे. सुहास, आयुष्यात एकदा तिला वाटतंय की तू तिच्या बाजूने होतीस."

एकदा. त्याला कळलंसुद्धा नाही तो काय बोलला.

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपती बसले. दत्ता पहाटेच्या विमानाने आला. मोदक बऱ्यापैकी झाले. तीन फुटले ते आम्ही दोघांनी उभ्यानेच खाल्ले.

संध्याकाळी आरतीला विद्यार्थी भरपूर. स्वरदा आली, दोन्ही नेपाळी बहिणींना घेऊन. नमस्कार केला, ताट घेऊन कोपऱ्यात बसली. रविवारी आली नव्हती. शिफ्ट आहे म्हणाली होती.

चिन्मयीने सगळ्यांना गोष्ट सांगितली. साभिनय! आई कशी गप्प, आई कशी फळ्यावर उलटी टिप टाकते, आई कशी माझ्याशीसुद्धा बोलत नाही. "शी प्लेड एव्हरीवन!" मुलं टाळ्या वाजवत होती. मी तुपाची वाटी घेऊन फिरत होते. स्वरदापाशी आले.

"तूप?"

"नको काकू." वर न बघता म्हणाली. मग हळूच, "तुमच्याकडे जेवते ना मी. मला वाटलं तुम्ही लिहिलंय म्हणजे खरं असणार. मी पोरींना सांगितलं होतं, काकू कधी खोटं नाही लिहिणार."

वाटी हातात तशीच. मागे चिन्मयी हसत होती. किती सुंदर हसते! त्या हसण्याची मला भीती वाटली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सकाळीच कॅफेत गेले. रांग नव्हती. स्वरदाला म्हटलं, दोन मिनिटं. यंत्र पुसता पुसता ती ऐकत होती. सगळं सांगितलं — ते मुद्दाम नव्हतं, मला खरंच वाटत होतं तिची डावी बाजू कच्ची आहे, चेंडू आला की मी डीव्हीडी पुढे पळवत होते, चौदाव्या वर्षीचा तो गोल.

तिचे हात थांबले.

"म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही गं."

राग तिच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसला, पण त्याच्या जागी जे आलं ते मला जास्त लागलं. माझी कीव आली होती तिला, की चिन्मयीची?

"हे तर जास्त वाईट आहे, काकू," ती म्हणाली. "आम्हाला फसवलं असतं तर चाललं असतं. गेम आहे. पण तिला..." मग माझी नेहमीची कॉफी माझ्यापुढे ठेवली. "मी नाही सांगणार तिला. पण तुम्ही सांगा. माझ्या आईने मला सांगितलेलं आवडलं असतं."

संध्याकाळी चिन्मयी घरी आली ती उड्या मारतच. महिनाअखेर मेलबर्नला विद्यापीठांची स्पर्धा आहे, कॅरनने तिला निवडलंय, पहिली गोलकीपर म्हणून. "आई, तू पण चल! तू आमची सीक्रेट वेपन!"

दत्ता माझ्याकडे बघत होता. मान किंचित हलवली त्याने — नको.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सांगितलं. निरांजनात तूप घालता घालता. मुद्दाम नव्हतं, मला खरंच तसं वाटलं होतं, मी तुला बघितलंच नव्हतं.

ती ओरडली नाही. फ्रीजवरचं पान काढलं, चार घड्या घातल्या, खिशात टाकलं आणि खोलीत गेली. मेलबर्नला "तू पण चल" होतं, ते आता नाही. ते तिने न सांगताच कळलं.

आता ही वही मिटून तिच्या दारावर टकटक करणार आहे. विचारणार आहे — मंगळवारी सरावाला येऊ का? गोलच्या मागे, जाळीबाहेर उभी राहीन. एक शब्द बोलणार नाही, डोळे मिटणार नाही. तुला खेळताना मला बघू दे.

माझं भाकीत: नाही म्हणेल.